स्टँडर्ड हेराल्डच्या बॉनेटची तुटलेली बिजागरी: दुरुस्त करावी की नवी बनवून घ्यावी?

प्रश्न: हेराल्डवाले, सातारा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९६६ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड (इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची भारतात बनलेली आवृत्ती) आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी अजून चालू स्थितीत आहे. ज्यांनी हेराल्ड जवळून पाहिलेली नाही त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की या गाडीचे बॉनेट इतर गाड्यांसारखे काचेपाशी बसवलेले नसते. दोन्ही मडगार्ड आणि हेडलाइटांसह गाडीचा संपूर्ण पुढचा भाग नाकाकडच्या दोन बिजागऱ्यांवर पुढे कलंडतो. त्यामुळे त्या दोन बिजागऱ्यांवर येणारा भार साध्या बॉनेटच्या मानाने बराच जास्त असतो.

आता डाव्या बिजागरीचा बॉनेटकडील आधार, तो जिथे जोडलेला आहे त्या तळाच्या पत्र्याच्या पेटीसह, फाटून सुटला आहे. पेटीच्या आत चिखल साचून पत्रा चाळणीसारखा झालेला दिसतो. उजवी बिजागरी शाबूत आहे, परंतु तिची पिन घट्ट झाली असून बॉनेट उघडताना कुरकुर आवाज येतो. बॉनेट लावल्यावर डाव्या दाराच्या कडेपाशी वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट राहते, तर खाली बॉनेट दाराच्या रंगाला घासते. डाव्या बाजूची कडी लावताना ती दोन्ही हातांनी ओढावी लागते.

येथील एका गॅरेजने पाच मिलिमीटरची पट्टी वेल्ड करून बिजागरी कायमची पक्की करून देतो असे सांगितले. दुसऱ्याने ट्रकच्या फाळक्याची बिजागरी बसवण्याचा सल्ला दिला. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि कुर्ल्याला सी.एस.टी. रस्त्यावर चौकशी केली, पण हेराल्डचे नाव काढताच विक्रेते हसतात. चेन्नईच्या पुदुपेट बाजारातील एका विक्रेत्याने भंगारात निघालेल्या गाडीचे संपूर्ण बॉनेट देऊ केले आहे; मात्र छायाचित्रात त्याला एकच बिजागरी दिसते.

जुनी बिजागरी दुरुस्त करावी, विलायतेहून मागवावी, की इथेच नवी घडवून घ्यावी, याबद्दल ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: उद्यमनगरचा टर्नर, कोल्हापूर

आपण बाजारात जाण्याआधी गाडीजवळ थोडा वेळ घालवावा, असे मी सुचवीन. हेराल्डची बिजागरी सहसा आपणहून तुटत नाही. दुसरीकडे कुठेतरी बिघाड झालेला असतो आणि त्याचा ताण ती सोसत राहते. तो बिघाड तसाच ठेवून नवी बिजागरी बसवली, तर तीही त्याच जागी फाटेल.

पहिला संशय उजव्या पिनेवर घ्यावा. एक पिन जाम आणि दुसरी मोकळी असली, की बॉनेट उघडताना दोन्ही बाजू सारख्या फिरत नाहीत. सगळे बॉनेट पिळले जाते आणि तो पीळ ज्या बाजूचा पत्रा कमजोर असेल त्या बाजूने बाहेर पडतो. आपल्या वर्णनावरून हेच घडले असावे असे वाटते, म्हणजे तुटली डावी असली तरी मूळ दोषी उजवी आहे.

दुसरे म्हणजे दाराच्या पुढे, काचेखालच्या भिंतीवर बसवलेले रबरी शंकू पाहावेत. बॉनेट बंद असताना त्याची मागची बाजू या शंकूंवर बसते. ते झिजले किंवा कडक होऊन चिरले असतील, तर खड्ड्यातून जाताना बॉनेटची मागची बाजू हादरते आणि तो हादरा थेट पुढच्या बिजागऱ्यांपर्यंत पोहोचतो. हे रबर पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत, तरी बहुतेक जण ते पाहतच नाहीत.

तिसरी गोष्ट चासीची, म्हणजे गाडीच्या तळाच्या लोखंडी सांगाड्याची. गाडी सपाट फरशीवर उभी करून, चारही चाकांत सारखी हवा भरून, चासीच्या पुढच्या टोकाची दोन्ही बाजूंची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि पुढच्या टोकापासून मागच्या ठरावीक बोल्टांपर्यंतचे तिरके अंतरही दोन्ही बाजूंनी ताडून पाहावे. कधीकाळी पुढून मार बसला असेल, तर तो इथे कळतो. चासीपासून बाहेर निघणारे जे आडवे हात बॉडीला आधार देतात, तेही गंजलेले नाहीत ना हे टोकदार वस्तूने टोचून पाहावे. ते बसले, की दाराची चौकट खाली येते आणि माणूस उगाच बॉनेटला दोष देत बसतो.

पाच मिलिमीटरच्या पट्टीबद्दल थोडक्यात सांगतो, ती लावू नये. जाड पट्टी मोडणार नाही, पण तिच्याभोवतीचा एक मिलिमीटरचा पत्रा मोडेल.

उत्तर: कॉव्हेंट्रीकर

मूळ ट्रायम्फ हेराल्ड आमच्या गावातली, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची, म्हणून चार शब्द लिहितो.

ही गाडी १९५९ साली आली. तिचे रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटले होते. त्या काळात बाकीचे कारखाने चासी आणि बॉडी एकसंध करू लागले असताना हेराल्डला वेगळी चासी मिळाली, यामागे व्यापारी कारण होते. बॉड्या पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी बी.एम.सी.ने (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) विकत घेतली आणि हेराल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फला एकसंध बॉडी करून देणारा कोणी उरला नाही. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी तयार केलेले भाग बोल्टांनी चासीवर जोडायचे, असा मार्ग त्यांनी काढला. आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे, कारण या गाडीतील प्रत्येक फट बोल्ट सैल करून कमीजास्त करता येते आणि कोणी बिजागरी वेल्डिंगने पक्की केली तर तीच सोय कायमची नष्ट होते.

इथे हेराल्डचे सुटे भाग अजून मिळतात. ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब हा १९७७ पासूनचा क्लब हेराल्ड, व्हिटेस, स्पिटफायर आणि जीटी सिक्स या ट्रायम्फच्या गाड्यांसाठीच आहे, आणि त्याच्या सभासदांमध्ये जुन्या भागांची देवघेव चालते. मागवताना एक काळजी घ्यावी. १९६७ मध्ये आलेल्या १३/६० या मॉडेलचे नाक व्हिटेसच्या धर्तीचे, निराळ्या आकाराचे होते, म्हणून ९४८ किंवा १२०० मॉडेलचाच भाग हवा असे स्पष्ट लिहावे आणि आपल्या उजव्या बिजागरीचे मोजपट्टीसह काढलेले छायाचित्र पाठवावे. बिजागरीचे लोखंड पोस्टाने पाठवणे सोपे आहे. तळाची पत्र्याची पेटी मात्र अवजड असते आणि तिच्यावरचा वाहतूकखर्च व सीमाशुल्क पाहता ती तिथेच बनवून घेणे शहाणपणाचे ठरेल.

आणखी एक. या गाडीचे बोल्ट इंची मापाचे, यू.एन.एफ. (बारीक) आणि यू.एन.सी. (जाड) आट्यांचे असतात. एखादा मेट्रिक बोल्ट सुरुवातीचे एकदोन फेरे गोडीगुलाबीने आत जातो आणि मग चासीतले आटे खाऊन टाकतो.

हेराल्डवाले, सातारा

दोघांचेही मनापासून आभार. टर्नर साहेबांनी सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. चासीची मापे दोन्ही बाजूंनी जुळतात आणि आडवे हात ठणठणीत आहेत. रबरी शंकूंपैकी डावा शंकू जागेवरच नाही, नुसता त्याचा बोल्ट उरला आहे. उजवी पिन तेल सोडून दोन रात्री ठेवली, तरी हलत नाही.

आता पेटी आणि बिजागरीचा आधार इथेच बनवून घ्यावा असे मनाशी ठरवले आहे. उजव्या बाजूचा नमुना समोर असताना डावी बाजू कशी घडवावी, आणि पिनेच्या जागी बेअरिंग बसवता येईल का, हे सांगावे. गाडीला ५० वर्षे होऊन गेल्यामुळे व्हिंटेज नोंदणीचा विचार आहे. या कामाने त्यात अडचण येईल का?

उत्तर: डेंटर काका, डोंबिवली

डावी बिजागरी ही उजवीची आरशातली प्रतिमा असते, त्यामुळे नमुना आपल्या घरातच आहे. उजवी पेटी स्वच्छ घासून तिच्या प्रत्येक बाजूवर जाड पुठ्ठा धरावा, कडा नखाने दाबून उमटवाव्यात आणि पुठ्ठा कापावा. पुठ्ठा उलटा केला की डावी बाजू तयार. फक्त पुठ्ठ्यावर 'आतली बाजू' असे आधीच लिहून ठेवावे, नाहीतर पत्रा कापून झाल्यावर हातात दुसरी उजवी येते.

पत्रा सी.आर.सी.ए. (थंड लाटून मग तापवून मऊ केलेला) घ्यावा. पेटीला २० गेज आणि जिथे बिजागरीचा आधार बसतो तिथे आतून १८ गेजचे ठिगळ एवढे पुरेसे आहे. ठिगळ चौकोनी कापू नये. त्याचे कोपरे गोल ठेवून ते आधारापेक्षा चारही बाजूंनी बरेच मोठे घ्यावे, म्हणजे ताण एका रेषेत न साचता पसरतो. पत्र्याच्या गोदामातून कोणी गॅल्व्हनाइझचा तुकडा गळ्यात मारला तर घेऊ नये, कारण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि जोडही सच्छिद्र होतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे भोके शेवटी पाडावीत. पेटी आणि आधार आधी नुसते टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारून बसवावेत. त्यानंतर बॉनेट गाडीवर ठेवून, मागे नवे रबरी शंकू लावून, दोन्ही दारांपाशी सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या फटीत सरकवाव्यात आणि दोन्ही कड्या लावून घ्याव्यात. बॉनेट असे बरोबर जागेवर बसले, की मगच बिजागरीच्या भोकाची खूण करावी. दोन्ही पिना एका सरळ रेषेत आहेत की नाही हे पाहण्यासाठी उजवीकडून डावीकडे आरपार एक सरळ गज घालून पाहावा. तो न अडता गेला पाहिजे. एवढे झाल्यावर बॉनेट उतरवून पक्के वेल्डिंग करावे. मिग (तार आणि वायूचे वेल्डिंग) असेल तर उत्तम. एका दमात लांब शिवण न घालता इथे थोडे, तिथे थोडे असे करावे, म्हणजे पत्रा तापून वळत नाही.

बॉनेट उतरवताना आधी बॅटरी सोडावी आणि हेडलाइटच्या तारांचे जोड सुटे करून त्यांवर खुणा बांधाव्यात. बॉनेट तोलून धरणारी पट्टी त्यानंतर सोडावी. दोन माणसे दोन्ही बाजूंना उभी असल्याशिवाय बिजागरीच्या बोल्टाला पान्हा लावू नये.

पेटीच्या तळाला पाणी वाहून जाण्यासाठी भोके ठेवावीत आणि रंगानंतर आत मेणयुक्त गंजरोधक फवारावे. साताऱ्याच्या पावसात पुढच्या चाकांचा चिखल पुन्हा तिथेच जाणार आहे.

उत्तर: उद्यमनगरचा टर्नर, कोल्हापूर

उजव्या पिनेला आता तेल पुरे. तिला गॅसची मंद आच द्यावी. आच पिनेला न देता तिच्याभोवतीच्या घराला (पिन ज्या भोकात बसते त्या लोखंडाला) द्यावी, म्हणजे घर प्रसरण पावून पिन मोकळी होते. हे बॉनेट उतरवल्यावर, गाडीपासून दूर करावे. तरीही हलली नाही, तर कापून काढावी. हातोड्याने ठोकत बसलात तर उरलेली पेटीही फाटेल.

बेअरिंगची गरज नाही. बेअरिंग सतत फिरणाऱ्या भागासाठी असते. महिन्यातून काही वेळा पाव वळसा फिरणाऱ्या सांध्यात त्याच्या गोळ्या एकाच जागी दाब सोसून खड्डे पाडतात आणि आत पाणी गेले की ते पिनेपेक्षाही घट्ट जाम होते. ई.एन. ८ (मध्यम कार्बनचे पोलाद) च्या गजातून दोन्ही पिना नव्या कातून घ्याव्यात आणि फॉस्फर ब्राँझचे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) बसवावेत. बुश घरात दाबून बसवल्यावर आतून किंचित आक्रसतो, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) त्यानंतर फिरवावा. पिन आणि बुश यांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटर मोकळीक पुरे. पिना दोन्ही बाजूंच्या एकाच वेळी बदलाव्यात, कारण एक नवी आणि एक जुनी ठेवली तर पुन्हा तोच पीळ सुरू होईल.

नोंदणीबाबत एवढेच सांगतो, की २०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. मूळ आकाराची बिजागरी त्याच जागी बसवणे ही दुरुस्ती झाली. ट्रकची बिजागरी बसवण्यासाठी चासीचे टोक कापलेत, तर तपासणीच्या वेळी त्याचे उत्तर द्यावे लागेल. कामापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे जपून ठेवावीत.

उत्तर: गॅझेलचे पूर्वमालक, चेन्नई

पुदुपेटच्या बॉनेटबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही. त्या विक्रेत्याकडे बॉनेटची मागणी करू नये; फक्त ती एक बिजागरी आणि दोन्ही रबरी शंकूंच्या बैठका सुट्या मागाव्यात. पूर्ण बॉनेट वाहतुकीत वाकण्याची भीती असते आणि त्याची पेटी आपल्यासारखीच सडलेली असण्याची शक्यता जास्त. छायाचित्रातली बिजागरी नेमकी कोणत्या बाजूची आहे, हे आधी विचारून घ्या. डावी असेल तर लेथचे निम्मे काम वाचेल, आणि उजवी असली तरी जाम पिन कापताना काही बिघडलेच तर ती हाताशी राहील. मी येत्या आठवड्यात त्या बाजूला जाणार आहे. आपण विक्रेत्याने पाठवलेले छायाचित्र मला निरोपातून पाठवलेत, तर प्रत्यक्ष पाहून आणि पिन फिरते का हे तपासून कळवीन.