आबांची कीर्तनं कुठल्या डिस्कवर उतरवू?

पेटीवाला
आमचे आबा नारदीय कीर्तन करायचे. त्यांच्या नव्वद मिनिटांच्या ९ कॅसेट खटपट करून लॅपटॉपवर उतरवल्या. ऐकवायच्यात आत्याला. ती ८१ वर्षांची, वाईला असते, मोबाइलला हात लावत नाही. टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्याला पेन ड्राइव्ह लागत नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येते म्हणजे चांगलीच असणार, या हिशेबाने सीडी-आरडब्ल्यू आणली. लॅपटॉपवर वाजते, आत्याकडे 'नो डिस्क'. दुकानात तर प्लस, मायनस, डबल लेयर, काय काय आहे. कुठली घेऊ? सगळं एकीत मावेल का?

जुना शूटिंगवाला
लग्नाच्या शूटिंगमध्ये वीस वर्षं काढली, डिस्कच्या पायी भरपूर शिव्या खाल्ल्यात. तेव्हा ऐका.

आरडब्ल्यू घरीच राहू द्या, एकदाच लिहिता येणारी साधी सीडी-आर घ्या. सीडी-आरमध्ये रंगाचा थर असतो, लेझरने तो एकदा भाजला की झालं. आरडब्ल्यूमध्ये धातूंचं मिश्रण असतं, म्हणून पुसून हजारेक वेळा लिहिता येतं. पण तिच्यावरून प्रकाश फार कमी परततो. काही जुन्या प्लेअरला ती दिसतच नाही.

आता हिशेब. ऑडिओ सीडी केलीत तर ८० मिनिटंच मावतात. कॅसेट नव्वदची, म्हणजे आबांची आरती कापली जाणार! तुमच्याकडे एकूण ८१० मिनिटं आहेत. १२८ केबीपीएसचं (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्री, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, केलं तर ७८० एमबीच्या आसपास जातं, सीडी ७०० ची. कॅसेटवरचं कीर्तन आहे, मोनो (एकाच चॅनलचं) ९६ वर करा. ५८० एमबीत नऊच्या नऊ बसतील. प्लेअरवर एमपीथ्रीची खूण आहे का तेवढं बघा.

डीव्हीडीच्या भानगडीत पडूच नका. काही जुने प्लेअर सीडीवरचं एमपीथ्री वाजवतात आणि डीव्हीडीवरचं नाही. कधी व्हिडिओची डीव्हीडी करायची झाली तर मायनस (डीव्हीडी-आर) घ्या, प्लस (डीव्हीडी+आर) नको. मायनस १९९७ ची, प्लस आली २००२ मध्ये, दोन्ही ४.७ जीबी. (कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो म्हणून दुकानदाराशी भांडू नका, तो हजाराऐवजी १०२४ ने भागतो.) मी एकदा अख्खं लग्न प्लसवर दिलं. नवरीचे वडील चौथ्या दिवशी दारात, "डिस्क कोरी आहे". माझ्याकडे मस्त चालत होती. तेव्हापासून गिऱ्हाइकाला मायनस.

चिकटपट्टी
दादा, एक विचारू का? विंडोजमध्ये डिस्क टाकल्यावर जे दोन पर्याय येतात, त्यातला कुठला निवडलात? 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' निवडली असेल तर सीडी-आरही आत्यांकडे चालणार नाही. 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी' निवडा आणि शेवटी डिस्क बंद (फायनलाइज) होऊ द्या.

पेटीवाला
अरेच्चा, पहिलाच पर्याय निवडला होता! म्हणजे चूक दुहेरी.

जुना शूटिंगवाला
वर कागदी लेबल चिकटवू नका, डिस्क फिरताना डगमगते. बॉलपेननेही लिहू नका. सीडीत माहितीचा थर छापील बाजूला, पातळ लाखेखालीच असतो. लोक चकचकीत बाजू जपतात आणि वरून ओरखडे पाडतात. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध असतो.

कपाटातली_रिळं
ही झाली आत्यांची प्रत. लॅपटॉपवरच्या मूळ, न दाबलेल्या वेव्ह फाइल पुसू नका हं! साडेआठ जीबीच्या आसपास होतील. त्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी. वर हवी तर २५ जीबीची ब्लू-रे, पण 'एलटीएच' लिहिलेली नको, तिच्यातही सेंद्रिय रंगच असतो. सोनीने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे बनवणंच थांबवलं, त्यामुळे सगळी भिस्त डिस्कवर ठेवू नका.

पेटीवाला
रविवारी वाईला जाऊन आलो. सीडी-आर पहिल्या झटक्यात लागली. फाइलींची नावं मी हौसेने देवनागरीत दिली होती, टीव्हीवर नुसते चौकोन. आत्याने पूर्वरंग समजून उत्तररंगच आधी लावला, आणि दोन ओळी ऐकून म्हणाली, "हे सुदाम्याचं आख्यान. मागून सुरू केलंस रे." आता नावं रोमनमध्ये, पुढे ०१, ०२ लावून दुसरी प्रत काढतोय.