बेळगावजवळच्या यळ्ळूर रस्त्यावरील शेत व खानावळीच्या जागी रो-हाऊस

प्रश्न: ज्या शेतात बासमती पिकत असे आणि ज्याच्या बांधावरील खानावळीत आम्ही दर रविवारी झुणका-भाकरी जेवत असू, तेथे आता रो-हाऊससाठी दगड रोवले आहेत. चौकशी कोठे करावी?

उत्तर १: प्रथम जमिनीचा उतारा पाहावा. कर्नाटक भू-महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ नुसार शेतजमीन बिगरशेती करण्यास सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

उत्तर २: जागा ५०० चौरस मीटरहून आणि घरे ८ हून अधिक असतील, तर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) खालील प्रकल्पाची नोंदणीही तपासावी. खानावळ मात्र कोणत्याच कायद्याने परत येणार नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उतारा कन्नडमध्ये आहे, शेजाऱ्यांकडून वाचून घेतो. मालकांनी स्वखुशीने विकले असल्यास त्यांना दोष देववत नाही. भातशेतीत उरते तरी काय?