हॉलो ग्राइंडसाठी कॉन्टॅक्ट व्हील कितीचं घेऊ? ८ इंची मिळतंय, १० साठी थांबू का?

कमानपाटा_कोल्हापूर
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. दीड वर्ष झालं २ बाय ७२ इंची बेल्टचं ग्राइंडर घरीच बनवून वापरतोय, २ एचपी मोटर, वेग कमी-जास्त करायला व्हीएफडी लावलाय, आतापर्यंत सगळी पाती सपाट प्लेटनवरच (बेल्टमागची सपाट पट्टी) केली. आता हॉलो ग्राइंड, म्हणजे चाकावर घासून पात्याच्या बाजू आत दबलेल्या करणं, शिकायचंय. आमच्या आजोबांचा दाढीचा वस्तरा आहे घरात, दोन्ही बाजूंनी पोटात असा दबलेला की खिडकीपाशी आडवा धरला तर उजेडाची रेघ पाठीपासून धारेपर्यंत घरंगळत जाते, तसं काहीतरी स्वतःच्या हाताने करायचंय. पाती बहुतेक ईएन ३१ पोलादाची, ४ मिमी जाड, ३० मिमी रुंद, रानात-शेतात वापरायच्या सुऱ्या. ओळखीतला एक जण ८ इंची कॉन्टॅक्ट व्हील (बेल्टमागचं रबरी चाक) विकतोय, रबरावर खाचा असलेलं आहे, भाव बरा सांगतोय. नवीन १० इंची घ्यायचं तर जवळपास दुप्पट पैसे. आठचं घेऊन टाकू का? आणि खाचांचं की प्लेन?

रानवाट
डोळे झाकून १० घे भावा. सगळे १० च वापरतात, त्याला कारण असेल ना काहीतरी.

पातं_आणि_मूठ
कारण आहे पण ते समजून घेऊनच घे. मी हीच चूक केलीय आणि सात पाती भंगारात टाकलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो. मीही आधी ८ इंचीच घेतलं होतं. ४ मिमीची पट्टी, ग्राइंड २५ मिमी उंच चढवला, धारेपाशी अर्धा मिमी ठेवला, दिसायला अप्रतिम झालं. हार्डनिंग, टेम्परिंग सगळं व्यवस्थित केलं, धार लावली आणि वाळकी कळकाची कांडी सोलायला घेतली तर पात्यातनं नखाच्या चंद्रकोरीएवढा तुकडा निघून आला. गंमत बघा, तो धारेला तुटला नव्हता, धारेच्या वर ५ मिमीवर तुटला होता! व्हर्नियरच्या टोकांनी मोजलं तर तिथे जेमतेम ०.२ मिमी जाडी. म्हणजे खाली धारेला अर्धा मिमी आणि तिच्या वरच कागदासारखं पातळ, माशाच्या शेपटीसारखं.

असं का होतं तर चाक जेवढं लहान तेवढा खड्डा खोल, आणि दोन्ही बाजूंचे खड्डे मध्ये एकमेकांना भेटायला बघतात. मग मी वहीत गणित मांडलं. ग्राइंडच्या उंचीचा वर्ग कर, त्याची दुप्पट कर, आणि त्याला पाठीची जाडी वजा धारेची जाडी एवढ्याने भाग. सगळं मिमीमध्ये. जे उत्तर येईल तो चाकाचा कमीत कमी व्यास, त्याच्या खाली गेलास तर धारेच्या वर पातं बारीक होणारच. माझ्या त्या पात्याचं उत्तर ३५७ मिमी आलं, म्हणजे १४ इंच. आणि मी ते ८ वर करत होतो.

तर आधी सांग, ग्राइंड किती उंच पाहिजे? पात्याची रुंदी ३० असली म्हणून सगळी ३० चढवायची नसते.

कमानपाटा_कोल्हापूर
दादा हे कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. मला २० मिमी पुरेल, वर १० मिमी सपाट राहू दे, मजबुतीलाही बरं. मग २० चा वर्ग ४००, दुप्पट ८००, भागिले साडेतीन (४ वजा धारेचा अर्धा), २२८ मिमी. म्हणजे ९ इंच. ८ त काठावर नापास.

पण मग वस्तरा? तो तर कितीतरी खोल आहे, तो कसा टिकतो?

पातं_आणि_मूठ
वस्तऱ्याची पाठ मोजून बघ. उंची पंधरा-सोळा मिमी आणि पाठ पाचेक मिमी, धार जवळजवळ शून्य. तेच गणित घाल, साडेतीन-चार इंचाचं चाकसुद्धा चालून जातं. पाठ जाड आणि उंची कमी असली की लहान चाक चालतं. उलटही लक्षात ठेव, पट्टी पातळ झाली की चाक मोठं लागतं. उद्या ३ मिमीच्या पट्टीवर तीच २० ची उंची करायला गेलास तर साडेबारा इंची लागेल. १० इंचीवर ३ मिमीची पट्टी असेल तर १७ च्या वर चढू नकोस, ४ मिमी असेल तर २१ पर्यंत बिनधास्त जा.

शिरोलीकर
मी रबर रोलरच्या कामात आहे, थोडं माझ्या बाजूने सांगतो. चाकाच्या व्यासाइतकीच रबराच्या कडकपणाची निवड महत्त्वाची. पात्यांना ७० शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप) चं नायट्राइल रबर मागा. ९० चं घेतलं तर रेघ (ग्राइंड वर जिथे संपतो ती कड) एकदम कोरीव येते पण हात जरा हलला की तोही कोरला जातो, नवीन माणसाला जड जातं. ५० च्या आसपासचं मऊ रबर बेल्टखाली दबतं आणि वरची रेघ गोल-गोल, पुसट होते, पात्याला नको. जुनं व्हील कुणाकडून घेत असाल तर अंगठ्याच्या नखाने रबर दाबून बघा, बारीक चिरा उघडल्या तर घेऊ नका, ते जोरात फिरताना सुटू शकतं.

हब चांगला असेल तर रबर नव्याने चढवून मिळतं, आपल्याकडे कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात रोलरला रबर चढवणारे आहेतच, फक्त एक अट घाला: रबर चढवल्यावर त्याच बेअरिंगवर लेथला लावून टर्निंग आणि ग्राइंडिंग करून द्या. रबर चढवून तसंच दिलं तर चाक थोडं लंबगोल राहतं आणि पात्यावर धड एकसारखी रेघ उमटतच नाही, लाटा येतात. डायल गेज लावून चाक फिरवून बघा, ०.०५ मिमीच्या आत आउट (वरखाली होणं) आला तर घ्या. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबर सीलवाली, झेडझेड नको, ग्राइंडिंगची धूळ पत्र्याच्या सीलमधून आत जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत आवाज सुरू होतो.

सई_धार
खाचांच्या व्हीलबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. खाचा कास्टिंगच्या जाड खरडीच्या कामाला छान, बेल्ट झपाझप कापतो. पण पात्यावर प्रत्येक खाच बेल्टला ठोके मारत जाते, गुणगुणण्यासारखा आवाज येतो, हाताला थरथर जाणवते आणि १२० ग्रिटपेक्षा बारीक बेल्टवर गेल्यावर ते ठोके चमकीत दिसतात, तिरक्या पट्ट्या. मी दोन्ही वापरलेत, पात्याला प्लेनच. खरड ३६ ग्रिटच्या सिरॅमिक बेल्टने करायची, जादाचं पोलाद झटपट निघतं.

आणि एक, स्वयंपाकघराच्या सुरीला हॉलो ग्राइंड करू नका हो. दुधी, सुरण, कलिंगड असं काही कापताना धार सहज शिरते पण ग्राइंडचा वरचा खांदा आला की सुरी अडकते, आईच्या हातात दिली तेव्हा तिने दोन दिवसांत परत केली. शेतातल्या, शिकारीच्या, कातड्याच्या कामाला मात्र फार छान चालते, धार लावायला वर्षानुवर्षं सोपी राहते.

कमानपाटा_कोल्हापूर
सई ताई, बरोबर वेळेला सांगितलं, खाचांचं नाही घेणार. ठरलं मग, १० इंची, प्लेन, ७०. सहा आठवडे पैसे साठवतो.

कमानपाटा_कोल्हापूर
दीड महिन्याने परत आलोय. व्हील बसवलं, डायलला ०.०४ आला. पट्टीच्या कडेला धारेच्या मध्यभागी दोन रेघा ओढून अर्धा मिमी सोडला आणि सुरू केलं. दोन पाती झाली, पण दोन्हींवर डाव्या बाजूची रेघ उजव्या बाजूच्या दीड-दोन मिमी वर जाते. मूठ जवळच्या कोपऱ्यात बेल्टची खाचही तीक्ष्ण पडते. हात चुकतोय का?

पातं_आणि_मूठ
सगळ्यांना होतं. तुझा उजवा हात मजबूत असेल, पातं उलटलं की तोच हात टोकाकडे जातो आणि दाब वर सरकतो. कोपर बरगडीला टेकव, हात नव्हे, कमरेपासून अंग सरकव. व्हीएफडी २० हर्ट्झवर आण, आणि आधी वरची रेघ न ओढता खालून, धारेकडून वर चढव, दोन्ही बाजू आळीपाळीने, एका बाजूला सलग तीन फेऱ्यांपेक्षा जास्त नाही. कोपऱ्यासाठी बेल्ट चाकाच्या कडेबाहेर २-३ मिमी येऊ दे, ती मोकळी कड वाकते आणि खाच गोलाईने उतरते. पुढची चार पाती साध्या माइल्ड स्टीलच्या पट्टीवर कर, ईएन ३१ त्यानंतर.

कमानपाटा_कोल्हापूर
चार पट्ट्या आजच कापून घेतल्या. रविवारी फोटो टाकतो.