गोलसमोर बस लावणारा कोच ग्रेट कसा?

भुसावळकर:
काल इथेच एकाने लिहिलं की फुटबॉल कोच मोरिन्यो सगळी टीम गोलसमोर बससारखी आडवी उभी करून नुसता बचाव करतो, तो ट्रॉफ्यांमुळेच मोठा दिसतो. क्रायफ, साकी, ग्वार्डिओला या कोचांच्या पंगतीत त्याला पाट नाही. मला नाही पटत. २०१० ची चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेची सेमीफायनल काढून बघा. पहिल्या मॅचला घरी त्याच्या इंटरने बार्सिलोनाला ३-१ हरवलेलं. दुसऱ्या मॅचला बार्सिलोनाच्या कॅम्प नाऊवर २८ व्या मिनिटाला इंटरच्या थियागो मोट्टाला रेड कार्ड, म्हणजे तासभर दहाच जण. आणि इंटरचा एटो? हाडाचा स्ट्रायकर, आदल्या वर्षी बार्सिलोनाकडूनच फायनलमध्ये गोल मारलेला. तो माणूस बॅकसारखा विंगरच्या मागे धावतोय! मॅच ०-१ गेली, पण दोन्ही मॅच मिळून ३-२, इंटर फायनलला. एवढ्या नावाजलेल्या खेळाडूला हे काम गळी उतरवणं म्हणजे कोचिंग नाही तर काय?

तापीकाठचा:
काय बोली ऱ्हायना भो! गळी उतरवलं, मान्य. पण मागे काय उरलं? साकीच्या मिलानचं प्रेसिंग, म्हणजे समोरच्याकडे बॉल गेला की लगेच अंगावर जाणं, अजून लोक गिरवतात. कोच रेहागेलच्या ग्रीसनेही असाच बचाव करून २००४ चा युरो कप जिंकला. फ्रान्स, चेक, पोर्तुगाल, तिघांनाही १-०. पुढे २००६ च्या वर्ल्डकपला पात्रसुद्धा ठरले नाहीत. कौतुक करा, ग्रेट कशाला म्हणता?

रावेरवाला:
आमच्याकडे केळीच्या बागेभोवती वारा अडवायला शेवरीची झाडं लावतात. शेवरीला घड लागत नाही, पण वादळ आलं की ती नसलेली बाग आडवी होते. डिफेन्सला नावं ठेवणाऱ्यांनी मे महिन्यात एक चक्कर मारावी इकडे.

तापीकाठचा:
रावेरवाले भाऊ, भाव घडाला मिळतो, शेवरीला नाही 😄

भुसावळकर:
आणि मोरिन्यो नुसता बचाव करतो हे कोणी सांगितलं? २०११-१२ मध्ये त्याच्या रियाल माद्रिदने स्पेनच्या लीगमध्ये १२१ गोल मारले, १०० पॉइंट. २००४-०५ च्या त्याच्याच चेल्सीने इंग्लंडच्या लीगमध्ये ३८ मॅचमध्ये फक्त १५ गोल खाल्ले. जशी टीम, तसा खेळ.

धुळ्याची पोरगी:
दोन्ही टीमच्या मागे पोत्याने पैसा होता, दादा. चेल्सीत तर तेव्हाचा मालक अब्रामोविचची तिजोरी उघडी. त्यात कसली करामत?

भुसावळकर:
ताई, त्याचा आधीचा क्लब पोर्टो विसरलात. २००३ ला यूएफा कप, २००४ ला चॅम्पियन्स लीग, फायनलमध्ये मोनॅकोला ३-०. तिथे कुठली तिजोरी होती?

धुळ्याची पोरगी:
पोर्टो दिलं तुम्हाला. आता डिसेंबर २०१५ घ्या. सात महिन्यांपूर्वीचा चॅम्पियन चेल्सी सोळाव्या नंबरवर आणि मोरिन्यो साहेब घरी. त्यांचं तिसरं वर्ष लागलं की खेळाडू तोंड फिरवतात. आपल्याच खेळाडूंवर प्रेससमोर बोट दाखवायचं, मग त्यांनी तुमच्यासाठी का मरायचं? मला बचावाचं वावडं नाही. बचावावरच भर देणाऱ्या कोच सिमिओनेला मी डोळे झाकून ग्रेट म्हणेन. २०११ च्या डिसेंबरपासून ॲटलेटिको माद्रिदमध्ये, दरम्यान फाल्काओ, कोस्टा, ग्रीझमन हे गोल मारणारे विकले गेले, तरी २०१४ आणि २०२१ ला लीग आणली.

तापीकाठचा:
आणि २०१४, २०१६ च्या दोन्ही चॅम्पियन्स लीग फायनल रियालकडून हरला, ते?

धुळ्याची पोरगी:
२०१४ ला ९३ व्या मिनिटापर्यंत १-० पुढे होता. रियालच्या रामोसचं हेडर बसलं नसतं तर आज हा प्रश्न तुम्ही विचारला असता का?