अनुभव धागा: शॉकअप बदलताना कॅलिपर काढलाय का कोणी?

परवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढचे दोन्ही शॉकअप स्वतः बदलले. डाव्या बाजूला पाच तास गेले, उजव्या बाजूला दीड. फरक फक्त कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग), डावीकडचा मी उगाच काढला. उजवीकडे शॉकअपवरची ब्रेक होजची (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीची) क्लिप आणि एबीएसची वायर सोडवली, नकलचे (ज्यावर चाक बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट काढले, वरचे माउंटचे नट काढले, झालं. नकल मात्र सुटला की बाहेर कलंडतो, तो तारेने बांधून ठेवायचा, नाहीतर होज ताणला जातो. नकलच बाहेर घ्यायचा असेल, बेअरिंग बदलायचं असेल तर कॅलिपर काढण्यावाचून गत्यंतर नाही. तुमचे अनुभव लिहा, चुकलेलं तर नक्की लिहा.

*

दादा, मी चुकलोय. बेअरिंगसाठी कॅलिपर काढला आणि नुसता होजवर लोंबकळत सोडला, ते धूड चांगलं जड असतं हो. महिनाभराने गाडी एका बाजूला ओढायला लागली, चाकाला हात लावला तर चटका. होज बाहेरून नवा कोरा दिसत होता, कापून बघितला तर आतला रबराचा थर सुटून पापुद्रा झाला होता, पाय दाबला की ऑइल पुढे जायचं पण परत येताना तो पापुद्रा आडवा यायचा. आता पहिल्यांदा बाइंडिंग वायरचा आकडा करतो, कॅलिपर स्प्रिंगला अडकवतो, मगच दुसरा पाना हातात.

*

आम्ही रत्नागिरीचे, खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे कॅलिपरच्या ब्रॅकेटचा बोल्ट म्हणजे परीक्षाच. बारा कोनी गोटीने (सॉकेटने) जोर लावला आणि डोकं गोल झालं, शेवटी वेल्डिंगवाल्या काकांनी त्यावर नट वेल्ड करून काढून दिला. सहा कोनी गोटीच वापरा. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी वायर ब्रशने आटे घासा.

*

माझ्याकडे कॅलिपर बाहेर टांगलेला असताना पोरगं ड्रायव्हर सीटवर खेळायला बसलं आणि ब्रेक दाबला. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन टप्पकन बाहेर, ऑइल फरशीभर, नंतर होज-सील बघून पूर्ण ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) करावं लागलं. ऑइल गाडीच्या रंगावर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलतं ते. दोन पॅडच्या मध्ये लाकडाचा गुटका घालून ठेवा आणि गाडीची दारं लॉक करा. आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) हवी, नुसत्या जॅकवर असताना चाकाच्या आत डोकं घालू नका, हे मी हात जोडून सांगतो.

*

मी मिशिगनला असतो, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून गाइड पिना (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो त्या) जाम होतात. कॅलिपर निघालाच आहे तर पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावून घ्या, साधं ग्रीस नको, त्याने रबरी बूट फुगतात. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर पिस्टन बऱ्याचदा फिरवत आत घालावा लागतो, शिकंज्याने दाबाल तर आतलं मोडेल.

*

सगळं बसवलं, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, खूश होऊन गाडी रिव्हर्स घेतली आणि ब्रेकचा पाय थेट तळाला. पिस्टन मागे दाबलेला होता, पॅड डिस्कला टेकलेच नव्हते. मागे कंपाउंडची भिंत, हँडब्रेक ओढला म्हणून थांबली. तेव्हापासून इंजिन चालू करायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करतो, मग ब्रेक ऑइलच्या टाकीतली लेव्हल बघतो.