अँबॅसेडरचं इंजिन बदललेलं असेल तर तिला रस्त्यावर यायचा हक्कच नाही का?

जुनी_अँबी:
काकांची १९७२ची अँबॅसेडर माझ्याकडे आली आहे. मूळ १४८९ सीसीचं इंजिन थकलं तेव्हा काकांनी १८१७ सीसीचं इसुझू या जपानी कंपनीचं इंजिन बसवून घेतलं. आरसी बुकात मात्र जुनाच इंजिन नंबर आहे. आता नोंदणीचं नूतनीकरण करायचंय आणि बॉनेट उघडलं की घोडं अडतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हिंदुस्तान मोटर्सने स्वतःच पुढे अँबॅसेडरमध्ये हे इंजिन घालून गाड्या विकल्या. अशा बदलाला आरटीओत ठरलेली, लेखी वाट हवी. विंटेजमध्ये न्यावी म्हटलं, तर २०२१च्या केंद्रीय नियमात ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी नोंदणी नंबरांची वेगळी 'व्हीए' मालिका आहे, पण इंजिन, चेसिस किंवा बॉडीत मोठा फेरफार चालत नाही. तिकडेही दार बंद!

होटगीरोडकर:
सहमत नाही. मी विम्याचे दावे बघतो. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर या गाडीच्या ओळखीच्या दोनच खुणा. त्यातली एक जुळत नसेल, तर अपघातानंतर कंपनीला दावा अडवायला तेवढं कारण पुरतं. त्रास मालकापेक्षा जास्त ज्याला धडक बसली त्याच्या घरच्यांना होतो. शिवाय तुमचं इसुझू कुठल्या गाडीतून निघालं, त्याची पावती आहे का? चोरीच्या गाड्या सुटे भाग होऊन विकल्या जातात, हे सोलापुरात काय कुणाला नवीन आहे?

जुनी_अँबी:
पावती आहे, तिच्यावर इंजिन नंबरही आहे. पोलिसांकडून पडताळणी करा, निरीक्षकाने नंबरची छाप घ्यावी, मी तयारच आहे. तपासणी नको असं मी म्हणतच नाही. तपासणी झाल्यावर नोंद व्हावी, एवढंच मागतोय.

नियम_वाचा:
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नीट वाचा. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, आणि न विचारता बदललं असेल तर १४ दिवसांत कळवायचं. कायद्यात वाट आहे, काकांनी ती घेतली नाही. आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात सांगितलंच आहे की गाडी उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करता येणार नाही. तुमच्या गाडीच्या मूळ तपशिलात १४८९ सीसी आहे. कंपनीने पुढे दुसऱ्या मॉडेलमध्ये काय घातलं, याने तो बदलत नाही.

विजापूर_वेस:
मी गॅरेजवाला आहे, कायद्यातलं कळत नाही. पण खरा मुद्दा कुणी बोलेना. इसुझूची ताकद बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) जुन्या, मूळ इंजिनापेक्षा बरीच जास्त. गाडीला ब्रेक मात्र चारही चाकांना जुने ड्रमच. कंपनीने इंजिन बदललं तेव्हा पाच गिअरचा बॉक्सही दिला. आपल्याकडे नुसतं इंजिन उतरवतात, माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे आधार, वेल्ड करतात, झालं. ब्रेक, माउंटिंग, मागच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट बघूनच पास करा, नाहीतर अजिबात करू नका. नुसता नंबर लिहून घेतल्याने गाडी थांबत नाही ओ.

होटगीरोडकर:
हे पटतं. पण हे सगळं निरीक्षकाने एका गाडीसाठी कशावर तपासायचं? त्यासाठी मान्यताप्राप्त चाचणी लागेल आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाईल.

जुनी_अँबी:
खर्च माझा. मला ती नुसती रॅलीत मिरवायची नाहीये. व्हीए नंबर मिळाला असता, तरी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच बाहेर काढता आली असती. मला आईला पंढरपूरला घेऊन जायचंय याच गाडीतून.

नियम_वाचा:
मग मूळ जातीचं बीएमसी इंजिन शोधा, अजून मिळतात. पावतीसकट आधी अर्ज करा, मंजुरी आल्यावर बसवा. तोवर रस्त्यावर काढू नका. परवानगी नसलेल्या फेरफाराला कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे.

विजापूर_वेस:
बीएमसीचं ब्लॉक मिळेल, क्रँक चांगला मिळणं अवघड. आणि आहे ते चांगलं इंजिन भंगारात घालायचं? मला नाही पटत. आधी ब्रेक दाखवा कुणाला तरी, अर्ज नंतर.