मसाल्याचं युनिट जर्मन पार्टीला विकतोय, एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही करू का?

कुंडईकर:
नमस्कार मंडळी. कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं छोटं युनिट आहे, रेशाद, शाकुती, काफ्रियलची पेस्ट बाटलीत भरून विकतो. प्रायव्हेट लिमिटेड आहे, शेअर माझे आणि बायकोचे. मुलगी बेंगळुरूला सेटल, ती काय यात पडणार नाही, म्हणून विकायचं ठरवलंय. ब्रोकरने जर्मनीची एक फूड कंपनी आणलीये. त्यांना आकडे, गिऱ्हाइकांची यादी, कृती, सॅम्पलच्या बाटल्या, सगळंच हवंय आणि त्याआधी म्हणून एनडीए पाठवलाय. मुदत २ वर्षं, कायदा जर्मनीचा, कोर्ट फ्रँकफर्टचं. ब्रोकर म्हणतो स्टँडर्ड फॉर्म आहे, डोळे मिटून सही करा. पण आमच्याकडे मशिनरी काय, कोणीही घेईल, खरी गोष्ट म्हणजे पेस्ट न बिघडता टिकते ती कशी आणि सुरेचं (माडीचं) व्हिनेगर कुठल्या घरांतून येतं ती. शिवाय कामगारांच्या कानावर गेलं तर निम्मे आधीच दुसरी नोकरी बघतील, फोंड्यात असल्या गोष्टी लपून राहतात थोड्याच. नेमकं काय बघू?

काळाकोट:
बाब, ब्रोकरला कमिशन सौदा झाला की मिळतं, तुमची कृती फुटली तर त्याचं काही जात नाही, एवढं लक्षात ठेवून त्याचं ऐका.
आधी बघा की सही कोण करतंय. बऱ्याचदा खरेदीसाठी नवी कंपनी काढतात, तिच्या खात्यात काही नसतं, एनडीए तिच्या नावाने आणि माहिती वाचणार मूळ कंपनीची माणसं. मूळ कंपनीची सही घ्या, आणि त्यांचे सल्लागार, बँक, ग्रुपच्या कंपन्या ज्यांना ज्यांना माहिती देतील त्यांची जबाबदारी त्यांचीच असं स्पष्ट लिहून घ्या.
मुदत. २ वर्षं रेट आणि आकड्यांना ठीक आहे, ते तसेही शिळे होतात. पण कृतीलाही तीच मुदत लावली तर तिसऱ्या वर्षी ते मोकळे. कृती गुपित आहे तोवर बंधन, असं वेगळं कलम हवं. आणि कुठेतरी बारीक अक्षरात ‘रेसिड्युअल्स’ नावाचं कलम असेल तर ते खोडाच, त्याचा अर्थ आमच्या माणसांच्या डोक्यात जे राहिलं ते आम्ही वापरू.
कोर्टाचं म्हणाल तर सगळे सांगतील की गोव्याचं कोर्ट लिहून घ्या. घेऊन काय करणार? जर्मनी आपल्या सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ४४अ च्या यादीत, म्हणजे ज्यांच्या कोर्टाचे निकाल इथे थेट बजावता येतात त्या देशांत, नाही (इंग्लंड, सिंगापूर, यूएई आहेत), आणि इथला निकाल तिकडे बजावायचा म्हणजे परत तिकडच्या कोर्टाची पायरी. त्यापेक्षा लवाद घाला, लवादाचे निवाडे एकमेकांकडे मान्य करायच्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमध्ये दोन्ही देश आहेत. सोबत तातडीच्या मनाईसाठी कुठल्याही कोर्टात जायची मुभा ठेवा, म्हणजे वेळ आली तर पर्वरीच्या हायकोर्टातही जाता येईल आणि फ्रँकफर्टलाही. माहिती तिकडे फुटणार असेल तर मनाई तिकडचीच कामाची.
आणि ५ कोटी दंड वगैरे लिहून खूश होऊ नका. आपल्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा म्हणजे वरची मर्यादा, कोर्ट वाजवी तेवढंच देतं.

वास्कोचा_निवृत्त:
वकीलसाहेब बरोबरच बोलले पण कागद कागदाच्या जागी. मी माझं वर्कशॉप विकलं तेव्हा आधी एक दुसरी परदेशी पार्टी आली होती, रीतसर एनडीए, चार वेळा येऊन सगळं बघून गेले, मग ‘सध्या इंटरेस्ट नाही’ आणि पुढच्याच सीझनला आमचा सुपरवायझर त्यांच्याकडे. भांडणार कशावर, माणसं न फोडण्याचं कलमच कागदात नव्हतं. तेव्हा ते घाला, आणि बोलणी चालू आहेत हेसुद्धा गुपित असंही घाला.
बाकी माहिती हप्त्याहप्त्याने द्या. आधी नुसते वर्षाचे आकडे. किंमत लेखी आली की गिऱ्हाइकं, तीही ‘ग्राहक १, ग्राहक २’ अशी, नावं नाहीत. पगारपत्रकातली नावंही झाका. व्हिनेगरवाल्यांची नावं अगदी शेवटी. कृती पैसे खात्यात आल्यावर, त्याआधी हवं तर त्यांच्या माणसाला एक बॅच होताना बघू दे, पण वजनं आणि तापमान कागदावर नको. युनिट दाखवायचं तर रविवारी, गोरे पाहुणे मधल्या वारी आले की चहावाल्यापासून सगळ्यांना कळतं.
सॅम्पलचं एक. जर्मनीत २०१९ पासून धंद्यातल्या गुपितांचा वेगळा कायदा आहे, त्यात हातात रीतसर आलेली वस्तू उघडून तपासायला मुभा आहे, करारात मनाई केली नसेल तर. म्हणून ‘लॅबमध्ये पृथक्करण करणार नाही’ हे लिहून घ्या. अर्थात तुमची बाटली म्हापशाच्या बाजारात कोणीही विकत घेऊ शकतं, पण लॅबला घटक कळतात, तुम्ही भाजता कसं ते नाही.

आकडेमोड:
सीए आहे म्हणून दोनच गोष्टी. एनडीए दोन्ही बाजूंचा असेल तर तुमचे सीए, व्हॅल्युअर, बँक, सरकारी खाती यांना सांगायची सूट तुम्हालाही हवी. शेअर परदेशी पार्टीला जाणार म्हणजे वाजवी किमतीचं सर्टिफिकेट लागणार, एफसी-टीआरएस (शेअर परदेशी पार्टीला दिल्याचा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म) ६० दिवसांत भरायचा तो तुम्हीच, आणि प्लॉट जीआयडीसीचा (गोवा औद्योगिक विकास महामंडळाचा) लीजवर असेल तर त्यांनाही विचारावं लागेल. दुसरं, एखाद्या हॉटेलला त्यांच्या लेबलखाली माल देत असाल तर त्यांच्या करारातही गुप्ततेचं कलम असणार, तो करार हॉटेलला न विचारता दाखवू नका. वहिनींची सही विसरू नका, शेअर त्यांचेही आहेत.

कुंडईकर:
खूप आभार सगळ्यांचे. रेसिड्युअल्स खरंच आहे हो, सहाव्या पानावर! अजून एक, त्यातच लिहिलंय की मी ५ वर्षं भारतात कुठेही मसाल्याचा धंदा करायचा नाही. हे चालतं?

काळाकोट:
एनडीएत अजिबात नाही, सौदा झाला नाही तर तुम्ही स्वतःच्याच युनिटला कुलूप लावणार काय? कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ ने असलं बंधन एरवी रद्दच, अपवाद गुडविल (धंद्याचं नाव आणि पत) विकल्याचा, तोही ठरलेल्या हद्दीपुरता, घेणारा तोच धंदा करतोय तोवर आणि वाजवी असेल तर. म्हणजे ते शेवटच्या विक्री करारात येईल, आणि तेव्हा हद्द गोवा की अख्खा भारत यावर वेगळे पैसे मागा. आत्ता ते पान खोडून परत पाठवा.